पिला हाऊसचा पुसलेला पत्ता
#थ्रेड #मुंबई #मराठीरंगभूमी

१/ मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासाचा एक सोयीस्कर नकाशा समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असतो. त्यात गिरगाव असते, दादरचे शिवाजी मंदिर असते, काळा घोडा असतो. गिरगावातून लॅमिंग्टन रोडने उत्तरेकडे पंधरा-वीस मिनिटे चालले की जवळ येणारे पिला हाऊस मात्र त्यात नसते. असलेच तर ‘बदनाम वस्ती’ एवढ्या दोन शब्दांत. हा थ्रेड त्या दोन शब्दांविरुद्ध आहे.

२/ प्रथम नावाविषयी. ‘पिला हाऊस’ हा ‘प्लेहाऊस’ या इंग्रजी शब्दाचा मुंबईच्या जिभेने केलेला अवतार. प्लेहाऊस म्हणजे नाटकशाळा. ज्या वस्तीचे नावच नाटकशाळेवरून पडले, तिच्या इतिहासातून नाटक वगळून दाखवणे ही साधी चूक म्हणता येत नाही. त्यासाठी निश्चयपूर्वक डोळे मिटावे लागतात.

३/ मुंबईची पहिली नाटकशाळा कोटातील हिरवळीवर होती. १७७६ साली गोऱ्यांनी गोऱ्यांसाठी बांधलेली ती वास्तू कर्जात बुडाली आणि १८३५ मध्ये विकली गेली. पुढची नाटकशाळा उभी राहिली १८४६ मध्ये, ग्रँट रोडवर, जगन्नाथ शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर.

४/ नव्या जागेविषयी कोटातील साहेबलोकांची कुरकुर होती ती अंतराची आणि ‘नेटिव्ह’ शहराच्या शेजाराची. रस्ता लांबचा, वस्ती एतद्देशीयांची. त्यामुळे इंग्रजी प्रेक्षक हळूहळू आटला. रिकाम्या खुर्च्या भरल्या त्या मराठी, गुजराती आणि उर्दू बोलणाऱ्यांनी. इंग्रजांच्या करमणुकीसाठी बांधलेली नाटकशाळा सात वर्षांतच एतद्देशीयांची झाली.

५/ त्या सातव्या वर्षी, १८५३ मध्ये, विष्णुदास भावे आपली मंडळी घेऊन मुंबईत आले. सांगलीच्या दरबारात १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ झाले, ती तारीख (५ नोव्हेंबर) आज मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरी होते. तो खेळ राजाश्रयाचा होता. चिंतामणराव पटवर्धन १८५१ मध्ये निवर्तले, आश्रय संपला आणि भाव्यांना प्रेक्षकांच्या खिशाकडे पाहणे भाग पडले.

६/ मुंबईत तिकीट लावून जे खेळ झाले, त्यांत ग्रँट रोडच्या नाटकशाळेतील खेळांचा समावेश आहे. दरबाराबाहेर पडून स्वतःच्या कमाईवर जगणारी मराठी रंगभूमी घडली ती या रस्त्यावर. त्याच वर्षी ऑक्टोबरात पारशी नाटकमंडळीने त्याच रंगमंचावर रुस्तम-सोहराबचा खेळ केला. पुढे हिंदी चित्रपटाला कथा, गाणी आणि अभिनयाची धाटणी पुरवणाऱ्या पारशी रंगभूमीचा प्रारंभही इथलाच.

७/ म्हणजे एकाच इमारतीत, एकाच वर्षी, दोन रंगभूमींचा पाळणा हलला. अन्य कोणत्याही शहरात अशा जागी संग्रहालय उभे राहिले असते. (मुंबईत तिथे पत्ता विचारला तर विचारणाऱ्याकडेच संशयाने पाहतात.)

८/ पहिली नाटकशाळा चालली म्हणून शेजारी दुसरी आली, तिसरी आली. व्हिक्टोरिया, एल्फिन्स्टन, रिपन, बालीवाला. ग्रँट रोड स्थानक झाले, १८६५ मध्ये शहरातील रस्त्यांवर गॅसचे दिवे पेटू लागले, १८७४ मध्ये घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या. रात्री घराबाहेर पडणे आणि रात्री घरी परतणे, दोन्ही गोष्टी सामान्य माणसाच्या आवाक्यात आल्या. संगीत नाटके रात्री सुरू होऊन उत्तररात्रीपर्यंत रंगत. खेळ सुटला की चहा, पान, भजी, पुन्हा गाण्याचीच चर्चा. याला ‘नाइटलाइफ’ म्हणण्याची तेव्हा कोणाला गरज भासली नाही.

९/ आता त्या प्रसंगाकडे वळावे, ज्याच्या आठवणीने मराठी नाट्यरसिकांचे डोळे आजही पाणावतात. १२ मार्च १९११. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची कन्या मरण पावलेली. तरीही ते भामिनी होऊन रंगमंचावर उभे राहिले. कथा सर्वांना ठाऊक असते. प्रयोग कोठे झाला, हे विचारले की शांतता पसरते.

१०/ तो झाला रिपन थिएटरात. आज त्याच वास्तूला आल्फ्रेड टॉकीज म्हणतात. होय, तेच पिला हाऊसचे आल्फ्रेड, जुन्या चित्रपटांचे पुनःप्रदर्शन करणारे आणि हाताने रंगवलेली पोस्टर्स लावणाऱ्या मुंबईतील अखेरच्या चित्रपटगृहांपैकी एक. ज्याच्यासमोरून जाताना लोक मान खाली घालतात, त्या दारातून १९११ साली अवघा मराठी नाट्यसंसार आत गेला होता.

११/ दुसरी तारीख ८ जुलै १९२१. ‘संयुक्त मानापमान’. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व, धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव भोसले. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन नायक एकत्र आले आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला गेले. तीन महिन्यांत केशवराव वारले, म्हणून ती रात्र दंतकथा झाली. स्थळ: बालीवाला थिएटर, फॉकलंड रोड.

१२/ फॉकलंड रोड! हे नाव उच्चारताच ज्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, त्यांनी एकदा ठरवावे. मराठी संगीत रंगभूमीची सर्वांत पवित्र मानली गेलेली रात्र याच रस्त्यावर उजाडली. रात्र हवी आणि रस्ता नको, हा व्यवहार इतिहासात चालत नाही.

१३/ यावर ठरलेले उत्तर येते: ‘तेव्हा ती वस्ती चांगली होती, नंतर बिघडली.’ वस्त्या दुधासारख्या आपोआप नासत नाहीत. साथरोग रोखण्याच्या नावाखाली वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची वैद्यकीय तपासणी लादणारा कायदा १८६८ चा. मुंबईत तो १८७० ते १८७२ आणि पुन्हा १८८० ते १८८८ असा राबवला गेला. काळजी होती ती प्रामुख्याने गोऱ्या शिपायांच्या आणि खलाशांच्या प्रकृतीची.

१४/ नंतरच्या काळात पोलिसांनी ‘सभ्य’ रस्त्यांवरून या बायकांना हुसकावले आणि कामाठीपुरा व फॉकलंड रोड या पट्ट्यात त्यांचे अस्तित्व खपवून घेतले. निजामाच्या मुलखातून आलेल्या कामाठी मजुरांच्या नावाने ओळखला जाणारा भाग अशा रीतीने एका धंद्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. शहराला नको असलेले सारे एका कोपऱ्यात लोटायचे आणि पुढे त्याच कोपऱ्याला नावे ठेवायची, ही युक्ती जुनी आहे. मालक बदलले तरी ती टिकली.

१५/ इथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. या गल्ल्यांत शोषण झाले, आजही होते. फसवून आणलेल्या मुलींच्या दुःखावर जुन्या नाटकांच्या सोनेरी आठवणींचा शेला पांघरणे हे पापच ठरेल. परंतु शोषणाचा इतिहास आणि कलेचा इतिहास यांतील एक निवडा, असा आग्रह धरणारेच प्रत्यक्षात दोन्ही वाचत नाहीत. बहुधा दोन्हींच्या केंद्रस्थानी एकच व्यक्ती उभी आहे: रंगमंचावर किंवा बैठकीत गाणारी, नाचणारी स्त्री.

१६/ तिचे एक उदाहरण. गोव्यातील मालपे गावच्या, कलावंत घराण्यातील अंजनीबाई मालपेकर (१८८३-१९७४). मुरादाबादकडून येऊन भेंडी बाजारात स्थायिक झालेल्या तीन भावांपैकी नझीर खाँ हे त्यांचे गुरू. पिला हाऊसपासून हाकेच्या अंतरावरील या बाजाराच्या नावाने हिंदुस्थानी संगीतात एक घराणे आहे. दिल्ली, आग्रा, ग्वाल्हेर यांच्या पंक्तीत मुंबईतील एका बाजाराचे नाव! अंजनीबाई १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीच्या फेलो झाल्या, त्या मानाच्या पहिल्या स्त्री मानकरी. कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर दोघांनीही त्यांच्याकडून तालीम घेतली.

१७/ कुमारांचे आणि किशोरीताईंचे गाणे दिवाणखान्यात ऐकणाऱ्याला त्या गाण्यातील काही अंश कोणत्या गल्ल्यांतून आला, हे सांगितले तर तो दचकतो. दचकावे. दचकल्यावर पुन्हा ऐकावे.

१८/ चित्रपटाची गोष्ट तर अधिक बोचरी. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती मिळेना. ‘बदनाम’ म्हटल्या जाणाऱ्या बायकांनीही चित्रपटात काम करणे कमीपणाचे मानले. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके हा तरुण तारामती झाला. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तोच राम आणि तोच सीता. भारतीय पडद्याची पहिली ‘नायिका’ ग्रँट रोडच्या खानावळीतून आली.

१९/ आता फॉकलंड रोडच्या आजच्या नावाकडे. पठ्ठे बापूराव मार्ग. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६-१९४५) यांनी ब्राह्मण्य सोडून तमाशाचा फड धरला, महार समाजातील पवळाबाईंना घेऊन तो गाजवला आणि दारिद्र्यात देह ठेवला. नामकरण करणाऱ्यांनी सन्मान म्हणून केले असेल. पण पवळाबाईंच्या नावाचा रस्ता कोठे आहे? लावणी रचणाऱ्या पुरुषाला पाटी मिळाली. ती ज्या गळ्यातून आणि पायांतून लोकांपर्यंत पोहोचली, त्या स्त्रीच्या वाट्याला दंतकथा.

२०/ स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना तमाशावर बंदी आली. कारण: अश्लीलता. ती उठली, पण संहिता तपासून घेण्याच्या अटीवर. उत्स्फूर्तपणा हाच ज्याचा प्राण, त्याला आधी कागद दाखवायला सांगितले गेले.

२१/ २००५ मध्ये डान्सबारवर बंदी आली. कारण: तेच. त्या कायद्यात एक मजेदार खिडकी होती. बिअर बार आणि परमिट रूममधील नृत्य बंद. तीन व त्याहून अधिक तारांकित हॉटेलांत आणि केवळ सभासदांसाठी असलेल्या जिमखान्यांत ते चालू. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हा भेद घटनेत बसत नाही, असे स्पष्ट केले. तोच नाच, तीच रात्र. ताऱ्यांची संख्या वाढली की अश्लीलता कमी होते, असे हे गणित होते. मधल्या काळात ज्या बायकांची रोजी गेली, त्यांना आठ वर्षांनी मिळालेल्या निकालाचा उपयोग काय?

२२/ आणि जानेवारी २०२० मध्ये सरकारने जाहीर केले की मुंबईला आता ‘नाइटलाइफ’ मिळणार. कोठे? मॉलमध्ये, वांद्रे-कुर्ला संकुलात, नरिमन पॉइंट आणि काळा घोडा परिसरात, जुन्या गिरण्यांच्या आवारांत. रात्रभर जागणाऱ्या गिरणगावाचे भोंगे बंद पडल्यावर त्याच आवारात रात्र नव्याने विकायला आली. पिला हाऊसची रात्र दीडशे वर्षे जुनी; तिच्यासाठी धोरण एकच: पोलिसांची गाडी.

२३/ साहित्याने तेवढी या भागाशी प्रतारणा केली नाही. मंटोच्या कथांतून या गल्ल्या नावानिशी येतात. नामदेव ढसाळांच्या १९७२ च्या पहिल्या संग्रहाचे नावच ‘गोलपिठा’. तो चौक इथलाच. त्या पुस्तकाने मराठी कवितेची भाषा बदलली, हे आज विद्यापीठेही शिकवतात. मात्र परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ‘गोलपिठा’ लिहिणाऱ्या किती विद्यार्थ्यांना ती एक जागा आहे, हे माहीत असते?

२४/ याच परिसरातील रॉयल ऑपेरा हाऊस अनेक वर्षे बंद राहून २०१६ मध्ये जीर्णोद्धारानंतर पुन्हा उघडले. उत्तमच झाले. पण तिथे राजेशाही नाव होते, संगमरवर होता, १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते झालेल्या उद्घाटनाची कथा होती. रिपन-आल्फ्रेडकडे फक्त बालगंधर्व आहेत. ते पुरेसे का ठरू नयेत?

२५/ हा प्रश्न आजच विचारण्याचे कारण आहे. भेंडी बाजाराचा कायापालट सुरू होऊन बरीच वर्षे झाली; कामाठीपुऱ्याच्या समूह पुनर्विकासाची योजना म्हाडामार्फत आखली गेली आहे. मोडकळीस आलेल्या चाळींतील माणसांना धड घर मिळालेच पाहिजे, त्याला विरोध करणारा रसिक नसून निर्दय म्हणावा लागेल. पण पुनर्विकासात मोजले जातात ते गाळे, भाडेकरू आणि चौरस फूट. एखाद्या जागेत १९११ मध्ये काय घडले, याला चौरस फूट नसतात. त्याची नोंद इमारत पडण्यापूर्वीच करावी लागते.

२६/ तेव्हा इतिहासप्रेमी तरुणांपुढे काम आहे, तेही किल्ल्यावरच्या मोहिमेइतकेच खडतर. आल्फ्रेड, गुलशन, रोशन, निशात, रॉयल, मोती, सिल्व्हर: प्रत्येक वास्तूचे दर्शनी भागाचे छायाचित्र, जुने नाव, नवे नाव, तिथे झालेले प्रयोग. जुन्या वृत्तपत्रांतील नाटकांच्या जाहिरातींत थिएटरची नावे छापलेली असतात. ग्रंथसंग्रहालयांत त्या फायली आहेत. दारावरच्या जुन्या कर्मचाऱ्यांशी बोलावे, बैठकीत गाणाऱ्या वयोवृद्ध बायकांशी त्यांच्या संमतीने आणि आदराने बोलावे. कॅमेरा मात्र रस्त्यावर उभ्या असलेल्या बायकांकडे वळवू नये. त्या कोणाच्या हेरिटेज वॉकची प्रेक्षणीय स्थळे नाहीत.

२७/ आणि ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाच्या शुभेच्छा देताना, सांगलीच्या दरबाराशेजारी ग्रँट रोडचेही नाव लिहावे. पिला हाऊस, पठ्ठे बापूराव मार्ग, मुंबई. पूर्ण पत्ता.