विश्लेषण : लकवा मारलेला रुग्ण ‘मला काहीच झालं नाही’ असं का म्हणतो?

तोंड वाकडे झालेले असते, डावा हात उचलत नाही, तरी रुग्ण म्हणतो, ‘मला काही झालं नाही, झोपू द्या.’ घरच्यांना हायसे वाटते. ‘सकाळी पाहू’ असे ठरते. भंडारा जिल्ह्यात हे ‘सकाळी पाहू’ फार महागात पडू शकते. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. भंडाऱ्याहून नागपूर साधारण ६० किलोमीटर. साकोली, लाखांदूरकडची गावे त्याहून लांब. त्यामुळे रुग्णाच्या या वाक्यावर विसंबणे चूकच.

रुग्ण खोटे बोलतो का?

नाही. तो नकार हेच आजाराचे लक्षण असू शकते. फ्रेंच मेंदूतज्ज्ञ जोसेफ बाबिन्स्की यांनी १९१४मध्ये त्याला ‘अ‍ॅनोसोग्नोसिया’ असे नाव दिले. मेंदूच्या उजव्या भागाला इजा होऊन डावी बाजू लुळी पडते, तेव्हा हा प्रकार जास्त दिसतो.

त्वचा, स्नायू, सांधे आणि डोळ्यांकडून येणाऱ्या माहितीवर मेंदू शरीराचा एक नकाशा सतत ताजा ठेवत असतो. पक्षाघातात हे काम बिघडू शकते. गाडी पुढे गेली तरी मोबाइलवरचा निळा ठिपका मागच्याच चौकात अडकून राहावा, तसे. हात हलला नाही, पण नकाशावर तो हललेला असतो. काही रुग्ण तर ‘हा हात माझा नाही, मुलाचा आहे’ असेही ठामपणे सांगतात.

घरात हे आधी ताटावर लक्षात येऊ शकते. डावीकडची चटणी, कोशिंबीर तशीच राहते आणि ‘वाढलीच नाही’ अशी तक्रार होते. नजर चांगली असते, पण डावी बाजू मेंदूच्या हिशेबातच नसते.

तिसरा हात कुठून येतो?

अमेरिकी यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांना नसलेला अवयव जाणवायचा. डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी १८७१मध्ये त्याला ‘फँटम लिंब’, म्हणजे आभासी अवयव म्हटले. पक्षाघातात गंमत उलटी. हात जागेवरच असतो, तरी क्वचित एखाद्याला तो वर उचलल्यासारखा वाटतो किंवा चक्क तिसरा हात जाणवतो. असे बोलणाऱ्याला वेड लागले किंवा बाहेरची बाधा झाली असे समजून मांत्रिकाकडे नेण्यात उपचाराचे दिवस जातात. भीतीने रुग्णही मग सांगणे बंद करतो.

उपाय काय?

डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात अवयव गमावलेल्यांसाठी आरशाचा प्रयोग केला. दोन्ही हातांच्या मधे आरसा उभा ठेवायचा, चांगला हात हलवायचा आणि त्याचे प्रतिबिंब पाहायचे. लुळा हातच हलतो आहे असे मेंदूला दिसते. १९९९मध्ये हीच पद्धत पक्षाघाताच्या काही रुग्णांवर वापरून पाहिली गेली. पुढच्या चाचण्यांत हालचाल सुधारायला तिची मदत होते असे दिसले. चमत्कार नाही, पण खर्च एका आरशाचा. फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घेतले तर घरीही करता येते.

खरी उणीव विचारण्यात आहे. घरी सोडताना रक्तदाबाच्या गोळ्या समजावल्या जातात. ‘तुमचा डावा हात कुठे आहे, दाखवा’ हे बहुधा कुणी विचारत नाही. उत्तर चुकले, तर हा माणूस एकटा उठेल, पडेल, चुलीजवळ हात भाजून घेईल. आशा सेविकांच्या घरभेटीत हा एक प्रश्न वाढवायला पैसे लागत नाहीत.

आणि पहिल्या रात्री? रुग्ण नको म्हणाला तरी १०८ला फोन करावा. तो शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ती वेळ लिहून न्यावी. झोपेतून उठल्यावर लक्षणे दिसली, तर डॉक्टर वेळ झोपण्याच्या आधीपासून मोजतात.