शांताबाईंचा हिशेब

‘कुंकू’ हा आपल्या चळवळीचा लाडका चित्रपट. शिबिर असो की आठ मार्च, पडद्याची सोय झाली की कुणीतरी ‘कुंकू’ सुचवतंच. मी स्वतः दहा-बारा वेळा तरी तो दाखवला असेल. म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात फसवून बांधलेली नीरा त्याला नवरा मानायला ठाम नकार देते, अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला छडीनं फोडून काढते, आणि अंधारात बसलेल्या बायका टाळ्या वाजवतात. चित्रपट १९३७ चा, टाळ्या मात्र आजच्या. मग चर्चा होते. ना. ह. आपट्यांची मूळ कादंबरी, शांतारामबापूंचं दिग्दर्शन, ‘प्रभात’चं पुरोगामीपण, पार्श्वसंगीताशिवाय केलेला प्रयोग, सगळं येतं. नीरा झालेल्या शांता आपटे यांच्याबद्दल मात्र एवढंच सांगितलं जातं की बाई दिसायला तेजस्वी, गायला गोड आणि स्वभावानं भयंकर तापट.

या ‘तापट’ शब्दाशी माझं भांडण आहे.

पुराव्यादाखल दोन किस्से हमखास सांगितले जातात. एक, वाटेल ते लिहिणाऱ्या एका सिने-संपादकाला त्यांनी त्याच्या कचेरीत जाऊन छडीचा प्रसाद दिला, हा. दुसरा, १९३९ च्या जुलैमध्ये पुण्यात ‘प्रभात’च्या फाटकाशी त्या उपोषणाला बसल्या, हा. दोन्ही सारख्याच चवीनं सांगतात, जणू एकाच डोक्यात भरलेल्या रागाचे दोन झटके. पण दुसरा प्रसंग रागाचा नव्हताच. भांडण पगाराचं आणि कराराचं होतं. त्या काळी नट-नट्या कंपनीच्या महिनेवारी पगारावर असत आणि करारानं बांधलेल्या असत. अशा नोकरदार बाईनं हक्काच्या पैशांसाठी मालकाच्या दाराशी अन्नत्याग केला. हेच एखाद्या गिरणी कामगारानं केलं असतं तर आपण त्याला लढा म्हटलं असतं. नटीनं केलं म्हणून ते नाटक ठरलं.

आणि कंपनी कोणती, तर नीराचं बंड देशभर दाखवून नाव मिळवलेली. पडद्यावरची बंडखोर बाई कंपनीला हवी होती. फाटकाबाहेर बसलेली तीच बाई अडचणीची झाली. (त्याच आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. २०१५ साली तिथल्या विद्यार्थ्यांचा संप १३९ दिवस चालला. त्याला पाठिंबा द्यायला आम्हीही गेलो होतो. भाषणं पुष्कळ झाली, पण तिथं एकदा शांता आपटे बसल्या होत्या हे कुणाच्याच तोंडून मी ऐकलं नाही. मीही बोलले नाही. तेव्हा मला माहीतच नव्हतं.)

पुढच्याच वर्षी, १९४० साली, शांताबाईंचं पुस्तक आलं: ‘जाऊ मी सिनेमात?’. माझ्याकडे ते एका मैत्रिणीनं काढलेल्या झेरॉक्सच्या रूपात पोचलं, तेही चळवळीत पंचवीस वर्षं काढल्यावर. नाव वाचून वाटतं, भोळ्या मुलींना चार सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्या असतील. तसं नाही. सिनेमात जाऊ पाहणाऱ्या तरुण मंडळींशी बोलता बोलता बाई अख्खा धंदाच उकलून दाखवतात. इथं कुणाचं अंग झिजतं, कुणाचा गल्ला भरतो आणि राबणाऱ्याच्या हाती काय उरतं, याचा तो हिशेब आहे. वय किती, तर चोविशीच्या आसपास.

हा हिशेब मांडायचा अधिकार त्यांनी कामातून मिळवला होता. १९३२ च्या ‘श्यामसुंदर’पासून त्या कॅमेऱ्यापुढे होत्या. ‘अमृतमंथन’, ‘अमरज्योती’, ‘गोपालकृष्ण’ असे चित्रपट, तेही बरेचसे मराठी-हिंदी दोन्ही भाषांत. ‘कुंकू’त तर त्या इंग्रजी गाणंही गायल्या. १९४१ च्या ‘सावित्री’साठी तमिळ शिकल्या. त्यात एम. एस. सुब्बलक्ष्मी नारद होत्या आणि शांताबाई सावित्री. पार्श्वगायनाची पद्धत रुळण्यापूर्वीचा हा काळ. जिचा चेहरा तिचाच गळा. गाताना ताठ उभं राहण्याऐवजी हात, डोळे, चालणं सगळं त्यांनी गाण्यात आणलं, असं जाणकार सांगतात. म्हणजे अभिनय, गाणं, नवी भाषा, ही सगळी मेहनत एकाच देहाची. त्या देहाला थकवा येतो, त्याची किंमत असते, हे तिनंच लिहावं यात नवल ते काय?

नवल आपलं आहे. नटीनं लिहावं तर काय लिहावं, हे आपण ठरवून टाकलेलं आहे. तिनं आत्मचरित्र लिहावं. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ आपण अभ्यासमंडळात वाचलं, त्यावरून आलेला ‘भूमिका’ पाहिला, डोळे पुसले. दुर्गा खोटे वाचल्या, शांता हुबळीकर वाचल्या. योग्यच केलं, ती पुस्तकं मोलाचीच आहेत. पण त्यांत आपण नेमकं काय शोधत होतो, हे कधी तपासलं का? किती पुरुष, किती दारू, कोणी फसवलं, म्हातारपणी हाल किती झाले. शांताबाईंनी स्वतःची कहाणी सांगितली नाही, धंद्याबद्दल मत मांडलं. नटीची कबुली आपल्याला हवी असते, तिचं मत नको असतं. देबश्री मुखर्जी यांनी २०२० साली ‘बॉम्बे हसल’ या इंग्रजी ग्रंथात या मराठी पुस्तकाची गंभीर दखल घेतली. आपण मराठीत ते वाचू शकत होतो, तरी ऐंशी वर्षं घेतली नाही.

कुणी म्हणेल, जुन्या पुस्तकाचं काय एवढं? तर मैत्रिणींनो, आमच्या केंद्रात घडलेलं सांगते. दोन वर्षांपूर्वी मालिकांमध्ये किरकोळ कामं करणारी एक मुलगी आली. बावीस वर्षांची, बसप्रवासानं दमलेली. आमच्या कार्यकर्तीनं तिला पाणी दिलं, जवळ बसवलं आणि हळू आवाजात विचारलं, “कुणी हात लावला का गं? घाबरू नकोस.” मुलगी गोंधळली. म्हणाली, “नाही ताई. हात नाही लावला. पैसे नाही दिले.” अठ्ठावीस दिवसांचं काम झालं होतं. आजारपणाच्या दोन दिवसांबद्दल आणखी चार दिवस कापले होते आणि उरलेल्यासाठी तीन महिने थांब म्हणून सांगितलं होतं. हाती कागद कसलाच नव्हता. आमच्या कार्यकर्तीचा चेहरा पडला, असं लिहायला मला लाज वाटते, पण तो पडला. आमच्या अर्जात अशा तक्रारीला रकानाच नव्हता. त्या मुलीला आम्ही दुसरीकडे कुठंतरी जा म्हणून सांगितलं. ती कार्यकर्ती मीच होते.

हा एकट्या माझा बहिरेपणा नाही. केरळात मल्याळम सिनेमातल्या बायकांनी संघटना बांधून रेटा लावला, २०१७ साली हेमा समिती नेमली गेली, तिचा अहवाल २०१९ च्या अखेरीस सरकारला मिळाला आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये लोकांसमोर आला, तोही काही मजकूर वगळून. त्यात लैंगिक शोषण होतं, आणि ते भयंकर आहे. पण त्यातच लेखी करार नसणं होतं, मोबदला होता, चित्रीकरणाच्या जागी संडास आणि कपडे बदलायला आडोसा नसणं होतं. आठवडाभर वाहिन्यांवर काय चाललं होतं आठवा. फक्त नावं. कोण, कुणाबरोबर, कुठल्या हॉटेलात. संडासावर एक तरी चर्चा झालेली मला आठवत नाही. अत्याचाराबद्दल बोलू नये असं मी म्हणत नाही. जिला करार मागता येत नाही तिला ‘नाही’ही म्हणता येत नाही, एवढं तरी आपल्याला कळायला हवं होतं.

१९८१ साली चित्रपट कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला होता. लेखी कराराशिवाय काम देऊ नये, असं त्यात होतं. पण तो कथापटांपुरता. मालिकेतली आमची मुलगी त्यात बसत नव्हती.

येत्या आठ मार्चला आम्ही ‘कुंकू’ पुन्हा दाखवणार आहोत. पण नंतरच्या चर्चेत ‘जाऊ मी सिनेमात?’मधली पानं मोठ्यानं वाचायची ठरली आहेत. ज्या गटांना हवी असतील त्यांनी कळवावं, झेरॉक्स पाठवू. तक्रार अर्जात मजुरीचा रकाना घातला आहे. त्या मुलीला शोधून काढून निर्मात्याला आमच्या नावानं तीन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर नाही. तिचे बावीस दिवसांचे पैसे अजून यायचे आहेत.