तार ओढाच
घरात फायबर आलं की पहिली चौकशी होते ती वाय-फाय कुठल्या खोलीपर्यंत पोचतं याची. पण टेबलावरून कधीच न हलणारे दोन-तीन संगणक ज्या घरात आहेत, तिथे तार ओढायलाच हवी. वाय-फायवर सगळी उपकरणं आळीपाळीने बोलतात. तारेवर प्रत्येकाला स्वतःची वाट मिळते. राउटरमागचे लॅन पोर्ट भरले की अनेक जण दुसरा राउटर विकत आणतात. तो नकोच! तोही पत्ते वाटू लागला की एका वाड्यात दोन कारभारी होतात आणि पहिल्या राउटरवरच्या संगणकाला दुसऱ्यामागचा प्रिंटर सापडत नाही. हवा असतो साधा गिगाबिट स्विच: राउटरमधून त्यात एक तार, उरलेल्या पोर्टांत संगणक, सेटिंग काही नाही. बाहेरच्या जगाला सगळ्यांचा मिळून एकच पत्ता दिसतो, ते काम राउटरचं. १९९४ साली मांडलेल्या या युक्तीवर आज घरोघरचं इंटरनेट चालतं. खरी फसगत होते ती केबलमध्ये. कॅट-५ई केबल १०० मीटरपर्यंत एक गिगाबिटचा वेग देते, पण त्यासाठी आतल्या आठही तारा शाबूत लागतात. क्रिम्पिंग करताना एखादी सुटली की जोडणी बहुधा १०० मेगाबिटवर येते आणि बोल मात्र इंटरनेट देणाऱ्याला लागतो. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबलही मिळते. ती वाकवताना लवकर तुटते. भिंतीत घालायची केबल अस्सल तांब्याचीच घ्यावी, आणि विजेच्या पाइपात न कोंबता वेगळ्या पाइपातून न्यावी.