परदेशी पाहुण्याला पास्ता द्यायचा की पातोडी?



होमस्टेवरच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच आहे. "सर, पवनी गेटजवळ आपली जागा आहे, फॉरेनर येतात, तर मेनूत पास्ता-पिझ्झा ठेवायचा का?" काहींनी तर ओव्हन आणि मोठ्या फ्रीजचं कोटेशनसुद्धा आणून ठेवलंय. सही करायच्या आधी हे वाचा.

माझं मत सरळ आहे. आपल्या भंडारा जिल्ह्यात तरी परदेशी पाहुण्याला त्याच्या देशाचं जेवण देण्याच्या भानगडीत पडू नका.

"मग गोव्यात कसं चालतं?" असं तुम्ही म्हणाल. चालतं, खरंय. मोरजीला रशियन भाषेतले मेनू कार्ड दिसतात, बोर्श्ट मिळतं. पुण्यात कोरेगाव पार्कला ओशो आश्रमामुळे जर्मन बेकरी चालली. पण तिथला माणूस किती दिवस राहतो ते बघा. महिनोन्महिने राहणाऱ्याला दहाव्या दिवशी आपल्या घरचा ब्रेड आठवतोच. आपल्याकडे नागझिऱ्याला, कोक्याला किंवा उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याला येणारा पाहुणा एक-दोन रात्री थांबतो. दोन रात्रींसाठी कोणाला घरची आठवण येत नाही. तो विमानात बसून, नागपूरहून गाडी करून आलाय. त्याला इथलं काहीतरी पाहिजे. तुमचा पास्ता त्याच्या गावातल्या साध्या पास्त्यापेक्षाही कमीच पडणार, आणि पातोडी-रस्सा मात्र त्याला तिकडे कुठंच मिळणार नाही.

आता हिशोब. समजा वर्षाला ४० परदेशी पाहुणे आले, प्रत्येकी दोन जेवणं, म्हणजे ८० ताटं. ओव्हन, फ्रीज, भांडी मिळून १,२०,००० रुपये लागले. तीन वर्षांत २४० ताटं. म्हणजे चीज, मैदा, गॅस धरायच्या आधीच एका ताटावर ५०० रुपये बसले! आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, तुमचे तुम्ही टाका. पण चीजचं पाकीट उघडलं आणि पुढचा पाहुणा वीस दिवसांनी आला तर काय, हेही त्यात धरा. उलट चिन्नोरचा भात, वरण, पातोडी, तळ्यातली मासोळी, हंगामात शिंगाडे, पावसाळ्यात वास्ते, हे ताट नागपूर-पुण्याचा पाहुणाही आवडीनं घेतो. आपला ९० टक्के धंदा तोच आहे की नाही, खरं सांगा. (जय वाघ असताना पवनीकडे किती जण धावत होते! २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला. एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर कर्ज काढू नका म्हणतो ते यासाठी.)

पण म्हणून आपण घरी खातो तसंच त्याच्यापुढे ठेवायचं, असंही नाही. इथंच बरेच जण चुकतात. आपला रस्सा म्हणजे तिखट आणि वर तेलाचा तवंग. पाहुण्याला आवडतही असेल, पण रात्री पोट बिघडलं तर सकाळची सफारी गेली, आणि रिव्ह्यूमध्ये वाघ नाही, तुमचं जेवण येणार. तर तिखट कमी करा, तर्री वेगळ्या वाटीत द्या. कच्ची कोशिंबीर शक्यतो टाळा. पाणी सीलबंद. शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का हे बुकिंगच्या वेळीच विचारा, कारण आपल्या चटणीत, भाजीत कूट कुठं नसतो? आणि सकाळचा नाश्ता मात्र ओळखीचा असू द्या: उकडलेली अंडी, केळी, टोस्ट, चहा. उपाशीपोटी पहाटे नवीन चव कोणालाच नको असते. याला वेगळं किचन लागत नाही, डब्यात बांधून जिप्सीतही देता येतं.

पवनीवाल्यांसाठी आणखी एक. रुयाड (सिंदपुरी) इथल्या महासमाधीभूमी महास्तूपामुळे जपानहून लोक येतात. त्यांच्यासाठी सुशी शिकायची गरज नाही. भात हे त्यांचं रोजचंच अन्न, आणि करी-भात तर जपानमध्ये घरोघरी होतो. टोकियोच्या नाकामुराया दुकानात १९२७ पासून भारतीय पद्धतीची करी मिळते, ती रासबिहारी बोस यांनी शिकवलेली. तुमचा मऊ चिन्नोर आणि कमी तिखट रस्सा त्यांना परका वाटणार नाही. श्रीलंका, थायलंडचे भिक्खू आले तर पदार्थापेक्षा वेळ महत्त्वाची. ते दुपारी बारानंतर जेवत नाहीत. साडेबाराला पंचपक्वान्न वाढून उपयोग नाही, साडेदहा-अकराला साधं वरण-भात तयार ठेवा.

अपवाद एकच. नागपूरचा टूरवाला आठवडाभराचा ग्रुप देत असेल आणि जेवणाची यादी आधीच पाठवत असेल, तर त्या ग्रुपपुरता आचारी बोलवा, खर्च त्याच्याच बिलात लावा. मशीन मात्र विकत घेऊ नका.

आणि हो, मेनू कार्डवर "पातोडी" असं मराठी नाव इंग्रजी अक्षरांत लिहा, खाली एका ओळीत बेसनाची वडी, मसालेदार रस्सा, शाकाहारी एवढं सांगा. "इंडियन लझानिया" वगैरे नावं देऊ नका. मुक्कामी परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरावी लागते, ती कशी भरायची ते पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर दाखवतो.