तारांकित चेंडू आणि ‘पण’ची जागा

उभयान्वयी अव्ययांचा अभ्यास आपल्याला कदाचित रुक्ष वाटत असेल. परंतु एखाद्या माणसाविषयी न्याय्य मत मांडताना याच लहान शब्दांची कसोटी लागते. अमेरिकेतील बेसबॉलपटू बॅरी बाँड्स आणि त्याचे चाहते यांच्या उदाहरणातून हे स्पष्ट होईल.

बेसबॉलमध्ये फलंदाजाने चेंडू थेट कुंपणापलीकडे टोलवला की ‘होमरन’ होतो. आपल्या षटकाराशी त्याचे जवळचे नाते आहे. बाँड्सने १९८६ ते २००७ या काळात ७६२ होमरन फटकावले, त्यांपैकी ७३ एकट्या २००१ च्या हंगामात. त्याची धास्ती एवढी होती की २००४ मध्ये प्रतिस्पर्ध्यांनी १२० वेळा त्याला फटका मारण्याची संधीच नाकारून पहिला बेस बहाल केला. सॅन फ्रान्सिस्कोतील प्रेक्षक त्याच्यासाठी जागेवरून उठून टाळ्या वाजवीत; इतर शहरांत त्याची हुर्यो उडवली जाई. कारण बाल्को या प्रयोगशाळेच्या चौकशीत त्याचे नाव उत्तेजकांशी जोडले गेले होते. आपण जाणूनबुजून उत्तेजके घेतली नाहीत, असे तो सांगत राहिला. न्यायाच्या कामात अडथळा आणल्याबद्दल २०११ मध्ये तो दोषी ठरला. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

२००७ मध्ये त्याने हँक ॲरनचा ७५५ होमरनचा विक्रम मोडला. त्या ७५६ व्या फटक्याचा चेंडू एका फॅशन डिझायनरने विकत घेतला, त्याचे काय करावे याविषयी लोकांचा कौल मागवला आणि त्यानुसार चेंडूवर तारांकन उमटवून तो कूपर्सटाउनच्या संग्रहालयाला दिला. भाषाविज्ञानात ‘*मुलगी आला’ अशा व्याकरणबाह्य रचनेपुढे आपण हेच चिन्ह लावतो. छापील मजकुरात ते वाचकाला तळटीपेकडे नेते. चेंडूवरील चिन्हाखाली मात्र तळटीप नाही. ते ठपका ठेवते; नेमके काय घडले, काय सिद्ध झाले आणि काय झाले नाही, याविषयी मौन पाळते.

आता ही दोन वाक्ये पाहा. ‘तो थोर फलंदाज होता, पण त्याच्यावर उत्तेजकांचा डाग आहे.’ ‘त्याच्यावर उत्तेजकांचा डाग आहे, पण तो थोर फलंदाज होता.’ दोन्हींतील माहिती एकच आहे, निकाल मात्र वेगळा. ‘पण’नंतर येणारे उपवाक्य मनात रेंगाळते आणि आधीचे मागे पडते. पहिले वाक्य टीकाकाराचे, दुसरे चाहत्याचे.

चाहत्याचे कौतुक निराधार आहे, असे मी मानत नाही. चेंडू हेरणारी नजर आणि फटक्याची अचूक वेळ बाटलीतून मिळत नाही, हा त्याचा युक्तिवाद खरा आहे. परंतु कुंपणाजवळ झेलला गेला असता असा चेंडू पलीकडे जाण्यास थोडी अधिक ताकद पुरेशी असते, हेही खरे. शिवाय या हिशेबात इतर माणसे आहेत. ॲरन बेब रूथच्या ७१४ होमरनच्या विक्रमाजवळ पोहोचत असताना, केवळ कृष्णवर्णीय असल्यामुळे त्याला द्वेषाची आणि जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे येत होती. ते सोसून त्याने १९७४ मध्ये तो विक्रम मोडला. आणि उत्तेजकांना न शिवता खेळलेल्या असंख्य खेळाडूंची नावे तर कोणाच्या ओठांवरही नाहीत. चाहत्याचा ‘पण’ या सर्वांना वाक्याच्या मागल्या भागात लोटतो.

म्हणून माझे मत असे, की येथे ‘पण’ काढून पूर्णविराम द्यावा. त्याचा खेळ असामान्य होता. त्या खेळावर उत्तेजकांची गडद छाया आहे. ही दोन स्वतंत्र विधाने शेजारी शेजारी उभी राहू द्यावीत. हा कुंपणावर बसण्याचा प्रकार नव्हे. दोन्ही विधानांची पूर्ण जबाबदारी घेणे एकाची बाजू उचलून धरण्यापेक्षा कठीण असते. बाँड्सला हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश नाकारताना क्रीडालेखकांनी दहा वेळा मतदान केले; त्या मतपत्रिकेवर ‘होय’ किंवा ‘नाही’ यांखेरीज तिसरा पर्याय नव्हता. लिहिणाऱ्यावर तसे बंधन नसते.

आपल्या आवडत्या गायकाविषयी, नेत्याविषयी किंवा लेखकाविषयी निबंध लिहाल, तेव्हा पहिला मसुदा झाल्यावर त्यातील प्रत्येक ‘पण’खाली रेघ ओढा. त्याच्या मागे आपण कोणाला ढकलले आहे, ते तपासा, आणि मगच निबंध पुढे पाठवा.