शेऱ्याला क्रियापद हवे



व्यावहारिक मराठीचा अभ्यास करताना आपण अर्ज, इतिवृत्त, टिप्पणी, परिपत्रक, निवेदन असे अनेक लेखनप्रकार पाहतो. परंतु ज्या चार ओळींवर एखाद्या माणसाची बढती, बदली आणि प्रसंगी निवृत्तिवेतनही अवलंबून असते, त्या चार ओळींच्या भाषेचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. या ओळी म्हणजे कर्मचाऱ्याच्या वार्षिक मूल्यमापनात वरिष्ठाने लिहिलेला शेरा. ३१ मार्च उलटला की सरकारी कचेऱ्यांत, बँकांत, कारखान्यांत आणि महाविद्यालयांत हे लेखन सुरू होते. आपल्यापैकी अनेक जण नोकरी सांभाळून पदवीचा अभ्यास करीत आहेत. त्यामुळे अशा शेऱ्याचा विषय झाल्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल आणि काहींवर तो लिहिण्याची जबाबदारीही आली असेल.

मूल्यमापन भविष्याकडे पाहणारे आणि कर्मचाऱ्याला त्यात सहभागी करून घेणारे असावे, असे आज सर्वत्र म्हटले जाते. त्यासाठी नमुने बदलले जातात, संगणकप्रणाली आणल्या जातात. माझे म्हणणे असे, की नमुना कितीही बदलला तरी शेऱ्याची वाक्यरचना जुनीच राहिली तर मूल्यमापन मागेच पाहत राहील. हा प्रश्न व्यवस्थापनाचा आहे, तितकाच भाषेचाही आहे.

गोपनीयतेचा वारसा

शाळेतील मूल्यमापनाच्या पुस्तिकेला आपण 'प्रगतिपुस्तक' म्हणतो आणि ते मुलाच्या हाती देतो. कार्यालयातील मूल्यमापनाला मात्र आपण दीर्घकाळ 'गोपनीय अहवाल' म्हणत आलो. ज्याच्याविषयी तो लिहिला जाई, त्याच्यापासूनच तो गुप्त ठेवला जाई. प्रतिकूल शेरा असेल तरच तो कळविण्याची पद्धत होती. बाकीचे सारे कपाटात बंद राही.

या पद्धतीची किंमत किती असते, हे देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यातून दिसते. देव दत्त हे सीमा रस्ते संघटनेत कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंतापदाच्या बढतीसाठी पाच वर्षांच्या अहवालांत 'अतिशय चांगला' हा शेरा आवश्यक होता. १९९३-९४ या वर्षी त्यांना नुसता 'चांगला' असा शेरा मिळाला. 'चांगला' हा काही प्रतिकूल शेरा नव्हे, म्हणून तो त्यांना कळविण्यात आला नाही. आणि त्याच शेऱ्यामुळे त्यांची बढती अडली. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की चांगला असो वा वाईट, प्रत्येक शेरा संबंधित सेवकाला कळविलाच पाहिजे आणि त्यावर म्हणणे मांडण्याची संधी त्याला मिळालीच पाहिजे. तोवर देव दत्त सेवानिवृत्त झालेले होते. पुढे २०१३ मध्ये सुखदेव सिंग यांच्या खटल्यात त्रिसदस्यीय पीठाने याच भूमिकेवर शिक्कामोर्तब केले.

भाषेच्या अभ्यासकाने या खटल्यात एक गोष्ट विशेष टिपावी. 'चांगला' या विशेषणाचा कोशातील अर्थ एक आणि अहवालातील अर्थ दुसरा. आपल्या राज्यातील जुन्या प्रतवारीतही 'चांगला' या पायरीच्या वर 'निश्चित चांगला' अशी पायरी आहे. म्हणजे जो नुसता चांगला, त्याच्या चांगुलपणाबद्दल अनिश्चितता आहे, असे ती शिडी सुचविते. शब्द सर्वांचे असतात, पण त्यांची किंमत फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक असते. अशा भाषेत संवाद होऊ शकत नाही.

शेऱ्याचे व्याकरण

आता प्रत्यक्ष शेऱ्यांकडे पाहू. 'काम समाधानकारक.' 'वर्तणूक चांगली.' 'सचोटी निर्विवाद.' 'पुढाकाराचा अभाव.' ही सर्व वाक्ये आपल्या कानांना परिचित आहेत. त्यांत तीन गोष्टी नाहीत.

पहिली म्हणजे क्रियापद. क्रियापद नाही म्हणून काळही नाही. 'मार्चमधील तीन प्रकरणे वेळेत निकाली निघाली नाहीत' या वाक्याला काळ आहे. ते मार्चपुरते खरे आहे आणि एप्रिलमध्ये बदलू शकते. 'पुढाकाराचा अभाव' हे मात्र केव्हाचे आहे? ते सदासर्वकाळ खरे वाटते. एका वर्षाची घटना अशा रीतीने माणसाचा स्वभाव होऊन बसते.

दुसरी म्हणजे कर्ता. काम समाधानकारक, पण कोणाला समाधान झाले? शेरा लिहिणारा स्वतः वाक्यात कुठेच नसतो. त्यामुळे एका व्यक्तीचे मत निसर्गनियमासारखे भासते.

तिसरी म्हणजे श्रोता. हे लेखन कर्मचाऱ्याविषयी असते, कर्मचाऱ्याला उद्देशून नसते. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर तो कायम तृतीय पुरुषात उभा असतो. समोर नसलेल्या माणसाविषयी आपण जसे बोलतो, तसे हे बोलणे आहे.

इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत भाषिक कृतींचे जे वर्ग सांगितले आहेत, त्यांपैकी दोन येथे उपयोगी पडतात. एका वर्गातील विधाने निवाडा देतात. दुसऱ्या वर्गातील विधाने बोलणाऱ्याला पुढील कृतीशी बांधून घेतात. आपला शेरा पूर्णपणे पहिल्या वर्गात मोडतो. तो निवाडा देतो आणि थांबतो. काही अधिकारी 'सुधारणा करावी', 'अधिक लक्ष द्यावे' असे विध्यर्थी वाक्य जोडतात आणि आपण भविष्याकडे वळलो असे मानतात. परंतु त्या वाक्यात काय करावे, केव्हापर्यंत आणि कोणाच्या साहाय्याने, यांपैकी काहीच नसते. तो निवाडाच असतो, केवळ विध्यर्थात लिहिलेला.

नाव बदलले, पुढे काय?

बदल झालेच नाहीत असे नाही. अखिल भारतीय सेवांसाठी २००७ च्या नियमांनी 'गोपनीय' हा शब्द काढून कामगिरीच्या मूल्यमापनाचा अहवाल आणला. केंद्र सरकारने १४ मे २००९ च्या आदेशाने, २००८-०९ या वर्षापासून, संपूर्ण अहवाल संबंधिताला दाखविण्याचे ठरविले. महाराष्ट्रातही 'कार्यमूल्यमापन अहवाल' ही संज्ञा रूढ झाली. हे महत्त्वाचे पाऊल आहे, यात शंका नाही. कपाट उघडले.

मात्र विशेषणांच्या जोडीला आता अंक आले. आम्हा प्राध्यापकांना याचा चांगलाच परिचय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने शैक्षणिक कामगिरीचे गुण मोजण्याची पद्धत आणली. चर्चासत्राचे इतके, शोधनिबंधाचे इतके, असा हिशेब राज्यभरातील प्राध्यापक वर्षानुवर्षे मांडत राहिले. २०१८ च्या नियमावलीने ही पद्धत सौम्य केली. अंक पारदर्शक असतो, हे खरे. पण 'सहा' हा अंकही 'चांगला' या शब्दाइतकाच मुका असतो. पुढच्या वर्षी वर्गात वेगळे काय करावे, हे तो शिक्षकाला सांगत नाही.

लाल मातीतला शेरा

भविष्याकडे पाहणारे मूल्यमापन ही परदेशातून आणण्याची वस्तू आहे, असे समजण्याचे कारण नाही. कोल्हापुरात ते रोज पहाटे घडते. गंगावेश किंवा मोतीबाग यांसारख्या तालमीत वस्ताद मल्लाचे मूल्यमापन करतो तेव्हा तो 'डावपेच असमाधानकारक' असे म्हणत नाही. "पट काढताना मान खाली जातीय तुझी. उद्या हेच पन्नास वेळा करायचं," असे तो सांगतो. या दोन वाक्यांत क्रियापद आहे, दोष नेमका आहे, समोरचा माणूस द्वितीय पुरुषात आहे आणि उद्याचा दिवस आहे. शिवाय उद्या पहाटे वस्ताद स्वतः आखाड्याच्या कडेला उभा असणार, हे न बोलता दिलेले वचनही आहे. वस्तादाची भाषा मवाळ नसते. पण मल्ल ती सहन करतो, कारण ती त्याच्यासाठी असते.

दुसरे उदाहरण गावोगावच्या दूध संस्थेचे. गोकुळच्या जिल्ह्यात सकाळ-संध्याकाळ दूध घालणाऱ्या बाईला फॅट आणि एसएनएफ यांची नोंद तेव्हाच मिळते. फॅट उतरली असेल तर त्याच दिवशी वैरण आणि पेंड यांचा विचार करता येतो. हीच नोंद वर्षाअखेरीस बंद पाकिटात मिळाली असती तर तिचा उपयोग काय? अंक वाईट नसतो. तो वेळेवर आणि कृती करू शकणाऱ्या माणसाच्या हाती पडायला हवा.

'आपण' या शब्दाची शक्ती

कार्यालयात वस्तादाचे 'तू' चालणार नाही. पण मराठीपाशी याहून योग्य शब्द आहे. इंग्रजीतील 'वी' किंवा हिंदीतील 'हम' यांतून ऐकणारा समाविष्ट आहे की नाही, हे कळत नाही. मराठी मात्र 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद करते. 'आम्ही'मध्ये ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण'मध्ये तो आत येतो. गुजराती, तमिळ, तेलुगू या भाषांतही असा भेद आहे. त्यातही मराठीचा 'आपण' आदरार्थी द्वितीय पुरुषाचेही काम करतो. म्हणजे एकाच शब्दात समोरच्याचा मान आणि त्याचा सहभाग, दोन्ही सामावतात.

समजा, एका पतसंस्थेतील वसुली लिपिकाचे मूल्यमापन करावयाचे आहे. रूढ शेरा असा असेल: 'वसुलीचे काम असमाधानकारक. सुधारणा आवश्यक.' तोच मजकूर असाही लिहिता येईल: 'ठरलेल्या ४० थकबाकीदारांपैकी २२ जणांना आपण भेटलात. उरलेले १८ जण भुदरगड तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर राहतात आणि तेथे जाण्यासाठी वाहनाची सोय नव्हती, असे आपण सांगितलेत. एप्रिलपासून दर गुरुवारी संस्थेची गाडी मी उपलब्ध करून देईन. या भेटी जूनअखेर पूर्ण व्हाव्यात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आपण दोघे यादी पुन्हा पाहू.'

दुसऱ्या मजकुरात उणीव लपविलेली नाही; १८ हा आकडा स्पष्ट आहे. परंतु आता लिपिकाचे म्हणणे अहवालात आले आहे आणि 'मी देईन' या क्रियापदाने अधिकारीही बांधला गेला आहे. जुलैमध्ये गाडीविषयी प्रश्न निघाला तर उत्तर त्याला द्यावे लागेल.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की बढतीचा निर्णय घ्यायचा तर निवाडा हवाच. हे मला मान्य आहे. परंतु निवाडा आणि मार्गदर्शन ही दोन कामे एकाच कागदावर, एकाच दिवशी होऊ नयेत. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील अभ्यासाचा निष्कर्ष हाच होता. पगारवाढ आणि दोषदर्शन एकाच बैठकीत आले की माणूस स्वतःचा बचाव करण्यात गुंततो. नेमकी उद्दिष्टे ठरविली तर काम सुधारते. कामाविषयीचे बोलणे वर्षभर होत राहावे आणि प्रतवारी वर्षाअखेरीस स्वतंत्रपणे व्हावी. तसे झाले तर प्रतवारी पाहून कोणालाही धक्का बसणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अहवाल उघड झाल्यापासून अधिकारी वाईट लिहायला कचरतात आणि सरसकट सर्वांना उत्कृष्ट ठरवितात, असे म्हटले जाते. ही भीती निराधार नाही. परंतु वाईट लिहिणे अवघड जाते ते विशेषणात. 'आळशी' असे तोंडावर म्हणायला धैर्य लागते आणि ते सिद्धही करता येत नाही. '१८ भेटी राहिल्या' असे म्हणायला फक्त नोंद ठेवावी लागते. ज्या अधिकाऱ्याने वर्षभर नोंद ठेवली नाही, त्यालाच विशेषणाचा आधार घ्यावा लागतो.

एक धोका मात्र नोंदविला पाहिजे. 'आपण सुधारणा करू' असे गोड वाक्य लिहून सारे ओझे कनिष्ठावर टाकता येते. म्हणून 'आपण'च्या पाठोपाठ 'मी काय करीन' हे वाक्य आले नाही तर तो 'आपण' खोटा समजावा.

आपल्यापैकी कोणी उद्या मुख्याध्यापक होईल, कोणी शाखाधिकारी, कोणी पर्यवेक्षिका. शासनाचा नमुना आपल्याला बदलता येणार नाही. पण त्यातील रिकाम्या चौकटीत कोणते वाक्य लिहायचे, हे आपल्या हाती असेल. त्या वाक्याला कर्ता आणि क्रियापद द्यावे, आणि ते ज्याच्याविषयी आहे त्याच्यासमोर वाचून दाखवता येईल असे असावे.

उपक्रम

१. 'वक्तशीरपणाचा अभाव', 'सहकाऱ्यांशी संबंध बरे' आणि 'नेतृत्वगुण साधारण' हे शेरे कर्ता, क्रियापद आणि कालमर्यादा देऊन, संबंधित व्यक्तीला उद्देशून पुन्हा लिहा.

२. आपल्या परिसरातील सुतार, गवंडी, शिंपी किंवा वस्ताद शिकाऊ माणसाला दोष कसा सांगतात, याची पाच वाक्ये ऐकून टिपून ठेवा. त्यांतील पुरुष, काळ आणि अर्थ ओळखा.