सांगून जावं, असं मला वाटतं

आधीच कबूल करते, मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करायचा विषय. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात! पण ह्याच मराठीमुळे मागच्या डिसेंबरात आम्ही सहा जणी रतनगडाच्या जंगलात हरवलो, म्हणून तर हा लेख.

रतनगड अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला. प्रवरा नदी ह्याच डोंगरात उगम पावते आणि खाली तिला विल्सन धरणाने अडवलंय. धरण १९२६ साली पूर्ण झालं. त्याचा जलाशय, म्हणजे आर्थर लेक, पार रतनवाडी गावापर्यंत पसरलाय. बहुतेक लोक रतनवाडीहून शिड्यांच्या वाटेने चढतात आणि तसेच उतरतात. आम्हाला मात्र ‘राऊंड’ मारायचा होता. रतनवाडीहून शिड्या चढायच्या, नेढ्यात बसून फोटो, मागच्या त्र्यंबक दरवाज्याने साम्रद गावात उतरायचं आणि डांबरी रस्त्याने परत रतनवाडी. कागदावर एक छान गोल. प्लॅनिंग म्हणून आम्ही जे काय केलं, ते मेसमध्ये दहा मिनिटांत उरकलं आणि त्यातली आठ मिनिटं डब्यात काय न्यायचं ह्यावर गेली.

अमृतेश्वराच्या देवळात कोरीवकाम बघत, चहा घेत निघायलाच दहा वाजले. वरती नेढ्यातला वारा, समोर अलंग-मदन-कुलंगची रांग, पलीकडे कळसूबाई आणि खाली ते निळं पाणी! तिथून कुणाचा पाय निघेल? त्र्यंबक दरवाज्याशी आलो तेव्हा चार वाजून गेले होते. तिथे ताक विकणाऱ्या बाबांनी सांगितलं, “खाली उतरलं की म्होरं ढोरवाट लागंल, ती सोडा. बारकी वाट धरा.” आमच्यात दोघी हैदराबादच्या, एक पाटण्याची, बाकी दोघी हिंदीतच वाढलेल्या. मराठी येणारी मी एकटी, म्हणून दुभाषी मीच! मला वाटलं, राजमार्ग असतो तसा ढोरवाट हाही एखादा जुना मार्ग असेल. ‘लागंल’ एवढं कळलं, ‘सोडा’ कुठेतरी वाऱ्यात गेलं. आणि विचारायची लाज वाटली. मराठी आडनाव लावून ‘ढोर म्हणजे काय हो?’ कसं विचारणार?

ज्यांना माहीत आहे ते हसत असतील. ढोरवाट म्हणजे गुरांच्या जाण्यायेण्याने पडलेली वाट. ती चांगली रुंद दिसते, म्हणून माणूस फसतो. मग कारवीत शिरली की तिला चार फाटे फुटतात आणि प्रत्येक फाटा कुठल्यातरी गवतात संपतो. गुरांना गवताशीच काम! डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि डोंगराच्या सावलीतल्या जंगलात त्याच्याही आधी काळोख होतो. टॉर्च दोन, त्यातला एक मोबाईलचा. नेटवर्क नाही. पाटण्याची मैत्रीण रडायला लागली, आणि खरं सांगायचं तर मीही, फक्त आवाज न करता.

शेवटी गळ्यातल्या घंटांचा आवाज आला. एक मुलगा उशिराने गुरं घेऊन घरी निघाला होता. त्याच्या म्हशींच्या मागे मागे आम्ही साम्रदला पोचलो.

पण माझा मुद्दा जंगलाचा नाहीच. त्या दिवशी हॉस्टेलच्या रजिस्टरमध्ये आम्ही सहा जणींनी लिहिलं होतं, ‘लोकल गार्डियनकडे, मुक्काम’. म्हणजे रात्रभर आम्ही आल्या नसतो तरी कुणालाच काही वाटलं नसतं. शोधायला निघायचं तर कुठल्या डोंगरात, हे ह्या कॅम्पसमध्ये एकाही माणसाला माहीत नव्हतं. साम्रदच्या अंगणात चहा पिताना हे माझ्या लक्षात आलं आणि कारवीत नव्हती वाटली एवढी भीती तेव्हा वाटली.

खोटं लिहिलं ही आमची चूक. पण ट्रेकसाठी अर्ज दिला की उत्तर ‘नाही’ येणार हे आधीच ठाऊक असेल, तर मुली अर्जच देत नाहीत. मुलांच्या हॉस्टेलमध्ये बॅग उचलून निघतात, विचारतो कोण? स्टाफला माझं नम्रपणे म्हणणं आहे की परवानगी मुलगा-मुलगी बघून न देता प्लॅन बघून द्यावी. वाईट प्लॅन असेल तर जरूर नाकारा. आमचा तो प्लॅन मी रेक्टर असते तर मीच फाडून टाकला असता.

चांगला प्लॅन म्हणजे काय, ह्यावर मी नंतर बराच विचार केला. (सबमिशन्स चालू असताना असे विचार जास्त येतात.) आल्या वाटेने परतणाऱ्या ट्रेकमध्ये उतरताना वाट ओळखीची असते. गोल फिरताना उलटं होतं, पाय थकतात तेव्हाच पुढचं सगळं अनोळखी असतं. आणि एका जागेनंतर मागे फिरणं पुढे जाण्यापेक्षा लांब पडतं. ती जागा कुठली आणि तिथे किती वाजता पोचायला हवं, हे निघायच्या आधी ठरलं पाहिजे. वर गेल्यावर ठरवू म्हटलं की तळं दिसतं आणि सगळ्यांचं मत एकच होतं, अजून दहा मिनिटं बसू!

म्हणून ह्या वेळी आम्ही गोल उलटा फिरवलाय. रतनवाडीत मुक्काम. पहाटे अंधारात डांबरी रस्त्याने साम्रद, रस्ता काही हरवत नाही. तिथून गावातला वाटाड्या घ्यायचा. त्र्यंबक दरवाज्याच्या उंच कातळपायऱ्या उतरण्यापेक्षा ताज्या पायांनी चढणं बरं. अकरापर्यंत दरवाजा आला नाही, तर साम्रदलाच परत. दोनला शिड्या उतरायला सुरुवात. दुपारी ऊन पाठीमागून येतं, त्यामुळे समोरचं तळंही ह्याच वेळी जास्त छान दिसतं. वेग सगळ्यात हळू चालणारीचा, म्हणजे माझा. ‘जवळच आहे तर सांधण घळ पण करू’ असं म्हणणाऱ्या दोघींना आम्ही प्रेमाने गप्प केलंय. तो सगळा भाग अभयारण्यात येतो, तेव्हा शेकोटी नाही आणि कचरा परत बॅगेत.

हे सगळं एका पानावर लिहिलंय, जीपवाल्याच्या नंबरासकट. एक प्रत रेक्टर मॅडमकडे, एक गेटवर, एक घरी. रात्री आठपर्यंत रतनवाडीहून फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, तेही खाली आहे. मॅडमनी पान दोनदा वाचलं, एक प्रश्न विचारला (‘वाटाड्या म्हणजे गाईडच ना?’ त्याही कॉन्व्हेंटच्या!) आणि ‘बघते’ म्हणाल्या. हा अंक छापून येईपर्यंत त्यांनी काय ते बघितलेलं असेल.